जमा करायची बंदूक

निवडणूक जाहीर झाली आणि पोलीस ठाण्यातून निरोप आला, की परवान्याच्या सगळ्या बंदुका मतदान होईपर्यंत जमा करायच्या. मला मनातून बरंच वाटलं. काही आठवडे तरी लोखंडी कपाटाचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायला नको, आमची छोटी अशू त्या खोलीत एकटी गेली की तव्यावरची पोळी टाकून धावायला नको. पण ह्यांच्यासमोर तसं दाखवायची सोय नव्हती. आमचं घर त्या बंदुकीवर चाललं होतं.

सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये हे गनमॅन होते. वॉचमन पुष्कळ मिळतात. स्वतःची बंदूक आणि स्वतःच्या नावाचं लायसन असलेला माणूस मिळत नाही, म्हणून शेठनं आम्हाला मिलच्या आवारात क्वार्टर दिलं होतं. त्याआधी आम्ही सुरतेत लिंबायतला एका खोलीत राहायचो. हे लूमवर होते आणि खोकून खोकून पहाट करायचे. मिलमध्ये आल्यापासून तो खोकला गेला, हे मी रोज मनात म्हणायचे.

बंदूक सासऱ्यांची. शहाद्याकडे त्यांच्या शेतात रानडुकरं शिरायची, त्यासाठी घेतलेली जुनी दुनळी, दोन्ही घोडे, म्हणजे काडतुसावर आपटणारे हातोडे, बाहेर असलेली. ते गेल्यावर ती ह्यांच्या नावावर व्हायला आणि मग परवाना सुरतेला यायला किती खेटे घातले, ते आम्हालाच ठाऊक. परवान्यावर एक डाग पडला की बंदूक गेली. बंदूक गेली की नोकरी, आणि नोकरीमागोमाग क्वार्टर.

म्हणूनच नियमाच्या बाबतीत हे फार कडक होते. बंदूक गाडीतून न्यायची तर रिकामी आणि कव्हरमध्ये. काडतुसं वेगळ्या डब्यात, तो डबा बंदुकीपासून लांब. लायसन खिशात, तेही मूळ, झेरॉक्स नाही. त्या सकाळी त्यांनी बंदूक मधून दुमडली, खिडकीकडे धरली, दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला आणि मग माझ्याकडे दिली.

"बघून घे बाई. नाहीतर सुरत येईपर्यंत विचारत बसशील."

मी बघितलं. दोन स्वच्छ गोल उजेड आणि त्यांत खिडकीचे गज. ह्यांनी बंदूक कव्हरमध्ये घातली, पट्टे लावले, ती बाजेवर आडवी ठेवली, काडतुसांचा डबा पलीकडच्या कोनाड्यात ठेवला आणि गाडीचं बघायला बाहेर गेले. मिलची जीप कापडाचे नमुने घेऊन सुरतेला जायची होती, तिच्यातूनच आम्ही जाणार होतो. अशूचा कान ठणकत होता, तिला डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून मीही निघाले होते.

सासूबाई हळदकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "थांब व जयश्री. घरनी वस्तू बाहेर जाई राहिनी. कुकू लावू दे."

"लावा ना," मी म्हटलं आणि अशूचा स्वेटर शोधायला आतल्या खोलीत गेले. अशू आजीजवळच होती. मी बाहेर आले तेव्हा बंदूक कव्हरमध्ये होती, पट्टे लावलेले होते, आणि कॅनव्हासवर हळदीची दोन बोटं उमटली होती.

लखन ड्रायव्हर अकोल्याकडचा. बोलका माणूस, आणि बोललेलं सगळं मिलच्या ऑफिसात पोचवणारा. ह्यांनी बंदूक मागच्या सीटखाली, आमच्या पायांशी आडवी ठेवली तसा तो म्हणाला, "वहिनी, बंदुकीले खिडकी नाही देत का? तिकीट तर तिचंच हाय, आपण सारे फुकटे."

"तू समोर बघ," हे म्हणाले आणि काडतुसांचा डबा घेऊन त्याच्या शेजारी बसले.

दस्ता माझ्या बाजूच्या, उजव्या दाराकडे होता. नळ्यांची तोंडं डाव्या दाराकडे. अशूला डावी खिडकी हवी होती, म्हणून ती तिथे बसली, पाय लोंबकळवत. मागे नमुन्यांची गाठोडी होती, नव्या रंगाचा उग्र वास मारणारी.

पलसाण्याहून निघालो तेव्हा ऊन नुकतं कोवळेपण सोडून चढायला लागलं होतं. उसाचे ट्रक बारडोलीच्या कारखान्याकडे निघालेले, रस्ता त्यांनी भरून गेलेला. कडोदरा जवळ आलं तशी गाडी रांगेत अडकली. पुढे कुठेतरी पोलिसांनी निवडणुकीसाठी अडसर लावला होता, एकेक गाडी बघून सोडत होते. लखननं जोरात ब्रेक मारला. बंदूक सरकली आणि डाव्या दाराच्या पत्र्यावर ठक्कन आपटली.

"आई, लखनकाकाला हळू चालव म्हण," अशू म्हणाली.

"कान दुखला का?"

"माझा नाही. बंदुकीला त्रास होईल. तिनं आत्ताच खाल्लंय ना. खाल्ल्यावर उड्या नसतात मारायच्या."

अशूचं असं काहीतरी चालूच असतं. बाहुली जेवते, चप्पल झोपते. मी हसले सुद्धा. मग विचारलं, "काय खाल्लं तिनं?"

"लाल. आजीनं दिलं."

"लाल काय?"

"बाबांच्या डब्यातलं. आजीनं त्याला कुकू लावलं आणि बंदुकीच्या आत ठेवलं. असं केलं." तिनं दोन्ही हातांनी काहीतरी दुमडलं आणि पुन्हा सरळ केलं. "आजी म्हणाली, रिकामं नाही पाठवायचं."

पोरीनं हातांनी करून दाखवलं ते बंदूक उघडणं आणि मिटणं होतं, ते तिनं मनानं रचणं शक्यच नव्हतं. आणि सासूबाईंना मी ओळखत होते. शेजारणीचं पातेलं परत करायचं तरी त्यात चिमूटभर साखर घातल्याशिवाय त्या ते देत नसत. लेकीला ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. त्यांच्या नवऱ्याची बंदूक परक्या घरी, पोलिसांच्या घरी, इतके दिवस राहायला जाणार होती. तिची ओटी त्यांनी कशानं भरली असती? बंदूक कशी उघडतात हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शेतात रात्रीच्या रात्री सासऱ्यांशेजारी बसून काडतुसं हातात देणाऱ्या त्याच होत्या.

मी अशूला उचललं आणि माझ्या पलीकडे, उजव्या दाराशी दस्त्याच्या बाजूला बसवलं. ती रडायला लागली, तिला तिची खिडकी हवी होती. मी पुढे वाकले आणि ह्यांच्या कानाशी, घरच्या बोलीत, हळू म्हटलं, "अहो. बंदूक भरेल शे."

ह्यांनी मान वळवली. "काय?"

"मायनी भरी. सकाळी. अशूनी देखं."

त्यांनी मांडीवरचा डबा उघडला, बोटांनी आतल्या आत चाचपलं आणि झाकण लावलं. एक कमी होतं. डब्यानं उत्तर दिलं होतं.

"काय झालं दादा?" लखन म्हणाला.

"काही नही. पोरीचा कान."

"कानात गरम तेल टाका वहिनी, लसणाचं."

मी "हो" म्हटलं. आमच्या पुढे एक टेम्पो होता, मागे उसाचा ट्रक, उजवीकडे सुटलेल्या गाड्या भरधाव जात होत्या, आणि डावीकडे नाला, मिलच्या पाण्यानं जांभळा झालेला. दोन पोलीस काठ्या घेऊन रांगेच्या कडेनं येत होते. प्रत्येक गाडीत वाकून बघत होते.

"इथंच काढा ना," मी म्हटलं. "मागं या आन काढा."

"पागल व्हयनी का?" ह्यांचे ओठ हलत नव्हते. "ह्या गर्दीत बंदूक कव्हरबाहेर काढू? ते देखतीन तं काय समजतीन? गप बस. कागद देखतस आन सोडतस. पुढं गेल्यावर काढी लिसू."

"आन नाही सोडं तं?"

"गप बस म्हनं ना."

लखन आरशातून बघत होता. अहिराणी त्याला अर्धीमुर्धी कळायची, आणि अर्धीमुर्धी कळलेली गोष्ट तो पूर्ण करून सांगायचा. मी मागे सरकून बसले.

पण पायांशी ती होती. मी वाकून कव्हरवरून हात फिरवला, घोडे कसे आहेत ते चाचपायला. कॅनव्हास जाड होता. दोन उंचवटे लागले, पण ते पडलेले आहेत की ताणलेले, कळेना. हे एकदा म्हणाले होते, की उजवा घोडा झिजलाय, त्याला धक्का लागला तरी भरवसा नाही, म्हणून तर मी ती भरलेली कधीच ठेवत नाही. तेव्हा मी ते ऐकून कपाटाला दुसरं कुलूप आणलं होतं. आता मी हात काढून घेतला. फिरवून ठेवावी तर तिची तोंडं अशूकडे येणार. आहे तशी ठेवावी तर ती दाराकडे. दारात अजून कुणी नव्हतं.

टेम्पो सुटला. आम्ही पुढे सरकलो. आणि डाव्या दारात एक पोलीस येऊन उभा राहिला.

अगदी कोवळा होता तो. मिशी अजून नीट फुटली नव्हती, पट्ट्याचं चामडं नवं कोरं. त्यानं दार उघडलं आणि पायांशी बघितलं.

"आमां शुं छे?"

"गन छे, साहेब," हे पुढून उतरत म्हणाले. "लायसन्सवाळी. जमा कराववा जईए छीए." त्यांनी लायसन दिलं, ठाण्याची नोटीस दिली. गुजराती ते रोजच्यासारखं बोलत होते. हात मात्र, कागद दिल्यावर, त्यांनी खिशात घातले.

त्या पोरानं कागद वाचले. शिक्का बघितला, फोटो बघितला, ह्यांचं तोंड बघितलं. "बराबर छे," तो म्हणाला.

हे माझ्याकडे बघून किंचित मान हलवत होते, बघ, म्हटलं नव्हतं?

"नंबर मेळववो पडशे," तो म्हणाला. बंदुकीवरचा नंबर लायसनशी जुळवून बघायचा होता. नियमच होता तो.

"मी काढून देतो, साहेब, मी—"

"तमे त्यां ज ऊभा रहो." आवाज कडक नव्हता. काम शिकलेल्या माणसानं शिकल्याप्रमाणे म्हणावं तसा होता. तो दारातून आत वाकला आणि कव्हरचं टोक, नळ्यांचं टोक, मुठीत धरून स्वतःकडे ओढायला लागला. दस्त्याजवळचा पट्टा माझ्या सीटच्या लोखंडी पायात अडकला. त्यानं एक हिसका दिला. सुटला नाही. तो पोट पुढे घेऊन आणखी वाकला, पुन्हा हिसका द्यायला.

त्याच्या खांद्यावरून ह्यांचे डोळे मला दिसत होते. ते नको म्हणत होते. ते डोळे मी विसरणार नाही, कारण त्यांत राग नव्हता, विनवणी होती. त्यांना वाटत होतं, एवढा एक हिसका निघून जाईल. नंबर वरच्या बाजूलाच आहे, तो बघेल, बंदूक उघडणार नाही, आणि आपण जाऊ.

"खेंचशो नहि," मी म्हटलं. "भरेली छे."

दूध गरम आहे, जपून धर, असं सांगावं तसा माझा आवाज निघाला.

तो थांबला. त्याची मूठ अजून नळ्यांवर होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खाली, मुठीकडे, मुठीच्या रेषेत आपल्या शर्टाच्या बटणांकडे.

"हळू सोडा," मी म्हटलं. "आणि बाजूला व्हा. दारासमोर राहू नका."

त्यानं एकेक बोट सुटं केलं. बाजूला झाला. मग शिट्टी वाजवली, आणि ती नीट वाजली नाही म्हणून पुन्हा वाजवली.

त्यानंतर पुष्कळ पोलीस आले. मला आणि अशूला उतरवलं. लखन आपण होऊनच हात वर करून नाल्याच्या कडेला जाऊन उभा राहिला होता. अडसराजवळ पोलिसांनी घातलेल्या मांडवातल्या टेबलावरून फौजदार उठून आले, वयानं बरेच मोठे, कपाळावर चष्मा. त्यांनी ह्यांना कव्हर उघडायला लावलं, नळ्या नाल्याकडे धरून, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून. ह्यांनी बंदूक दुमडली. उजव्या नळीतून लाल काडतूस अर्धं बाहेर आलं. घोडा पडलेला होता, इतका वेळ त्या काडतुसावर टेकून.

फौजदारांनी ते काढून हातात घेतलं. पितळी बुडावर हळद होती आणि कुंकवाचा ठिपका.

"कोणे भरी?"

मी तोंड उघडलं. हे माझ्या आधी बोलले. "में. काढवानुं भूली गयो."

"भूली गया," फौजदार म्हणाले, "अने कंकु लगाडवानुं याद रह्युं?"

फौजदार माझ्याकडे वळले. मला काय सांगायचं हे मलाच कळत नव्हतं. सासूबाईंचं नाव घेतलं तर बंदूक दुसऱ्याच्या हाती दिली असं होतं. नाही घेतलं, तर बंदुकीवर पोट भरणाऱ्या माणसानं आपणच बंदूक भरून गाडीत ठेवली असं होतं. दोन्हींकडून परवानाच जाणार होता. ह्यांनी त्यातली आपली अब्रू जाईल ती बाजू उचलली होती. मी मान खाली घातली.

फौजदारांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "लखावो," ते म्हणाले आणि ह्यांना जबाब लिहून घ्यायला मांडवात घेऊन गेले.

बंदूक तिथेच ठेवून घेतली. जीप सोडली. लखन गाडी सुरू करण्याआधी माझ्याजवळ आला, त्याचा बोलका चेहरा पार उतरला होता. "वहिनी, मी कोणाले काही सांगत नाही. आईशप्पथ."

"सांगा, लखनभाऊ. शेठला कळणारच आहे. फक्त झालं तसंच सांगा."

"म्हणजे कसं झालं?" त्यानं खरोखरच विचारलं.

मी अशूला उचलून घेतलं.

अशू रडून रडून माझ्या खांद्यावर झोपली. आम्ही मांडवाबाहेरच्या बाकावर बसून होतो. तो कोवळा पोलीस पुन्हा गाड्या तपासायला लागला होता. प्रत्येक दार उघडताना आधी एका बाजूला सरून उभा राहत होता. मध्ये एकदा पाणी प्यायला आला, माझ्याकडे बघितलं, पेला पालथा घालून निघून गेला.

हे बाहेर आले तेव्हा बोटांना शाई होती. माझ्याशेजारी बसले.

"काय झालं?"

"केस नाही केली. तू आपणहून बोललीस आणि आम्ही जमा करायलाच निघालो होतो, म्हणून. रिपोर्ट वर जाईल. लायसन नाही राहायचं."

"नक्की?"

"फौजदार म्हणाले, मी तुमच्या जागी असतो तर आजपासून दुसरं काम बघितलं असतं."

समोरून उसाचा ट्रक गेला, मागे पोरं लोंबकळलेली. मी थांबले होते. ते म्हणतील, तू एक मिनिट गप्प बसली असतीस तर. त्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं, बाकावर बसून मी तेच जुळवत होते.

"तो वाकला तेव्हा," ते म्हणाले, "नळीसमोर त्याचं काय होतं? मला मागून दिसत नव्हतं."

"पोट."

ते पुढे वाकले आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. माझं जुळवलेलं उत्तर तसंच राहिलं.

"मी तुला नको म्हणत होतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"हो."

"माझे डोळे दिसले तुला."

"दिसले."

रिक्षा मिळेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेनं चालत राहिलो. अशूला त्यांनी माझ्याकडून घेतलं. तिचा दुखरा कान वर राहील असं डोकं खांद्यावर ठेवलं. डॉक्टरांची वेळ अजून गेली नव्हती.

"मायला यातलं काही कळू द्यायचं नाही," ते एकदम म्हणाले. "बंदूक सरकारनं ठेवून घेतली म्हणू. सरकार काय, काहीही करतं."

"आणि क्वार्टर सोडायला लागलं की?"

"तेव्हाचं तेव्हा. अगं, नवऱ्याची एवढी एकच वस्तू तिच्याजवळ होती. ती तिच्या हातानं गेली म्हणून कसं सांगायचं?"

मला सासूबाईंचा राग यायला हवा होता. अशूनं सांगितल्यापासून मी त्याची वाट बघत होते. पण डोळ्यांपुढे येत होतं ते एवढंच, की त्यांनी त्या काडतुसाला कुंकू लावताना अशूला जवळ बसवून घेतलं होतं, आणि ती पोर सगळं नीट शिकून घेत होती.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. सगळं सांगा, त्या पोलिसाच्या पोटापर्यंत. अशूला मायजवळ सोडून मला उद्यापासून कामाला जायला लागणार आहे."

ते चालता चालता थांबले. मी कामाला जाणार हे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मीही.

रिक्षा मिळाली. आम्ही बसलो, मध्ये अशू. सुरतेच्या वाटेवर दुकानांवर पक्षांचे झेंडे लागले होते, लाउडस्पीकरवर कुणीतरी मतं मागत होतं. शहर जवळ आलं तेव्हा हे म्हणाले, "जेवण झाल्यावर सांगतो. आधी सांगितलं तर माय जेवायची नाही."